कोणती पुस्तके पाठवाल?



उन्हाळ्याच्या अंकात आम्ही मुलांसाठी गोष्टींची पुस्तके मागितली होती. आपण मनापासून पाठवलीत. मलकापूरच्या स्टँडवर पाच पोती उतरवून घेतली, त्या दिवशी आम्हा सर्वांना फार आनंद झाला. पोती उघडल्यावर मात्र थोडे हसू आले आणि थोडी काळजीही वाटली. निम्म्याहून जास्त जुनी गाइडे, दहावीचे प्रश्नसंच, इंग्रजी ज्ञानकोशाचे सुटे खंड आणि बारीक टाइपातली थोरांची चरित्रे. दोष मी कोणालाच देत नाही. आमच्या स्वतःच्या कपाटात संडेस्कूलच्या बोधकथांच्या पुस्तिका कित्येक वर्षे कोऱ्याच पडून आहेत. मुलांनी त्यांना हात लावला नाही, आणि का लावला नाही हे आम्हीही विचारले नाही. गेल्या दोन वर्षांत ते विचारायला लागलो. मुलांनी जे शिकवले, ते आपल्यापुढे ठेवते.

आधी मुले कोण, ते सांगते. शाहूवाडी तालुक्यात आंबा घाटाच्या बाजूला सड्यांवर आणि डोंगराच्या कुशीत धनगरवाडे आहेत. म्हशी पाळणारी ही माणसे सरकारी यादीत भटक्या जमातींत येतात. आमच्या अभ्यासिकेतली बहुतेक मुले तिथली. लहानपणी शाळा वाडीच्या जवळ असते, पुढच्या वर्गासाठी डोंगर उतरून यावे लागते. जूनपासून पाऊस कोसळतो, ओढे भरतात, धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. शाळा बुडते. बुडाली की वाचन मागे पडते. असे करत मूल सातवीत येते तेव्हा त्याला अक्षरे ओळखता येतात, शब्द जोडता येतो. पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरलेली असते. २००५ पासून देशभर होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलांना दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. आमच्यातला सातवीतला एक मुलगा तशा गोष्टीच्या तिसऱ्या ओळीवर अडायचा.

“त्याचं लक्षच लागत नाही,” असे सगळे म्हणायचे. मीही म्हणत होते. मग मे महिन्यात एक दिवस त्याच्याबरोबर सड्यावर गेले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो म्हशींमागे होता. बोलता बोलता मध्येच थांबला आणि म्हणाला, “ताई, चांदीच्या गळ्यातली घाट वाजंना.” चांदी नावाची म्हैस करवंदीच्या जाळीत अडकली होती. मला तर कुठल्याच घाटीचा वेगळा आवाज कळत नव्हता. ह्या मुलाला लक्ष नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्याचे लक्ष तोकडे नाही. वाचताना ते लवकर खर्च होते. आपण शब्द अख्खा पाहतो. त्याला काना, मात्रा, वेलांटी एकेक करून उचलावी लागते. ‘स्वातंत्र्य’ हा एक शब्द त्याला आपल्या एका परिच्छेदाएवढा पडतो. त्यात पुस्तकाची भाषा घरच्या बोलीहून वेगळी, म्हणजे जुळवलेला शब्द ओळखीचा निघेलच असे नाही. पानावर तीस ओळी असतील तर गोष्टीत काही घडण्याआधीच तो दमतो. सहा ओळी असतील तर दमण्याआधी काहीतरी हाती लागते आणि पान उलटावेसे वाटते.

मग सोपी पुस्तके द्यावीत, इतकेच ना? मीही तसेच केले. पहिलीसाठीचे, कोंबडीच्या पिल्लाचे एक छान चित्रमय पुस्तक त्याला दिले. त्याने मुखपृष्ठ पाहिले, इकडेतिकडे बघितले आणि ते सतरंजीखाली सरकवले. “ह्ये बारक्या पोरांचं हाय, ताई.” त्यानंतर दोन दिवस तो आलाच नाही. खरी अडचण इथे आहे. वय बारा आणि वाचन सात वर्षांचे. वयाचे पुस्तक त्याला हरवते, आणि वाचनाच्या पातळीचे पुस्तक चारचौघांत त्याचा अपमान करते.

ही अडचण जगात इतरांनाही पडली आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे १९९८ साली बॅरिंग्टन स्टोक नावाची प्रकाशनसंस्था निघाली. विषय मोठ्या मुलांचा, पण पुस्तक बारीक, वाक्ये छोटी, अक्षरांत मोकळी जागा, आणि मागच्या पानाची छपाई दिसू नये म्हणून जाडसर, पिवळट कागद, अशी पुस्तके ती काढते. ठरवून अशी काढलेली मराठी पुस्तके मला फारशी सापडली नाहीत. म्हणून आहे त्यातूनच निवडावे लागते.

आमच्याकडे सर्वांत जास्त फाटले ते बालभारतीचे ‘किशोर’. १९७१ पासून निघणारे हे मासिक फाटणे ही मी त्याची स्तुती समजते. त्यात कोडे आहे, चित्रकथा आहे, एका पानाची माहिती आहे. कुठूनही उघडावे, कुठेही सोडावे. हातात मासिक असले की कोणी ‘बारक्यांचं’ म्हणून हसत नाही. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, पण वाडीवर रेंज नसते, तेव्हा कागदाचेच अंक पाठवा. दुसरे ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या शाळेच्या आठवणी सांगितलेले हे जपानी पुस्तक १९८१ चे. मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने आणले. पहिल्या शाळेने काढून टाकलेली मुलगी आणि आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा. प्रकरणे दोन-चार पानांची. आमच्या बऱ्याच मुलांनी आगगाडी पाहिलेली नाही, तरी ‘शाळेतून काढलं’ हे त्यांना लगेच समजले.

प्रथम बुक्सची पुस्तके पातळ असतात, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत विभागून ठेवल्या आहेत. त्या छापून वाटायलाही मोकळीक आहे. माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यश यांची पुस्तके खरे तर लहानांची. पण ती मोठ्या मुलांना देण्याची एक युक्ती सापडली. “घरी धाकट्या बहिणीला वाचून दाखव” असे सांगून द्यायची. मग ते काम होते, कमीपणा राहत नाही. आणि दाखवायचे म्हणून ओट्यावर बसून आधी दोनदा वाचले जाते, ते मी पाहिले आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र घाईने देऊ नका. त्याच्या करामती मुलांना आवडतात, पण पान भरगच्च असते. तो आम्ही मोठ्याने वाचतो आणि बन्या संकटात सापडला की पुस्तक मिटतो. शिव्या खाव्या लागतात! पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते पान शोधत बसलेले असते. पालघर जिल्ह्यात ‘क्वेस्ट’ ही संस्था आश्रमशाळांत गोष्टी आधी नाट्यरूपात सादर करते आणि मग पुस्तक मुलांच्या हाती देते, त्यामागेही हेच असावे.

पुस्तक झेपेल का, हे मुलालाच पाहू द्यावे. एक पान वाचायचे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. मूठ झाली तर पुस्तक सध्या कपाटात. मध्येच सोडून देण्याची परवानगीही हवी. फ्रेंच शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यांत पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट टाकण्याचा हक्क आहे. मला ते आधी पटले नव्हते. घेतलेले पूर्ण करावे, अशीच माझी शिकवण. पण पूर्ण करण्याची सक्ती उठवली आणि पुस्तके जास्त नेली जाऊ लागली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. आमच्याकडे तेवढे बळ नाही. पण पुस्तक तरी म्हशींमागे जाऊ शकते. म्हणून पुस्तक पातळ हवे, प्लॅस्टिकच्या पिशवीत मावणारे. जाड पुठ्ठ्याचे सुंदर पुस्तक घरीच राहते.

तो मुलगा जूनमध्ये आठवीत जाईल. आता आठवीची वार्षिक परीक्षा नापास झाल्यास पुन्हा त्याच वर्गात बसवण्याची तरतूद आहे, आणि पुन्हा बसण्यापेक्षा म्हशी बऱ्या, असे त्याच्या वडिलांनी मला सांगून ठेवले आहे. सध्या तो ‘किशोर’मधले एक पान न थांबता वाचतो. परवा त्याने पहिल्यांदा आपणहून पुस्तक मागितले. अस्वलावरचे. सड्यावर अस्वल येते, तर ते खाते काय आणि पोरे कुठे ठेवते, हे त्याला हवे आहे. सर्कशीतले टोपी घातलेले अस्वल नको, असेही बजावले आहे. आमच्याकडे तसे पुस्तक नाही. खऱ्या अस्वलावरचे, मराठी, तीसेक पानांचे आणि पानावर थोड्याच ओळी असलेले पुस्तक आपल्या पाहण्यात असेल, तर दिवाळीच्या सुट्टीआधी पाठवावे.