फुलांचा पाऊस

सणावारीं पंगत उठल्यावर जायफळ-वेलदोडा घातलेली कॉफी ही आपल्याकडील पांढरपेशा घरांची जुनी आवड आहे. त्या कॉफीचा भाव अलीकडे बराच चढला, तेव्हां घरोघर वाण्यास दोष दिला गेला. आमच्या मतें वाणी बिचारा निरपराधी आहे. ब्राझिलांत २०२१ च्या जुलैंत गोठलेल्या दहिंवरानें मळे करपले, २०२४ मध्यें अवर्षण पडलें, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कच्या बाजारांत अरेबिका कॉफी पौंडास ४ डॉलरांच्या वर गेली. परंतु इतक्या दूर जावयास नको. आपल्या दक्षिणेस कुर्ग, चिकमगळूर व हासन येथें काय चाललें आहे तें पाहिलें तरी पुरे. देशांतील सुमारें ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकांत पिकते.

कॉफीच्या झाडाची एक खोड वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. कोरड्या हिवाळ्यांत त्याला कळ्या धरतात, पण त्या उमलत नाहींत; व्रतस्थासारख्या थांबून राहतात. फेब्रुवारी ते एप्रिल यांच्या दरम्यान इंचभर पाऊस एकदां चांगला झाला, कीं आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढरा शुभ्र होतो आणि मोगऱ्यासारखा वास दरवळतो. हाच तो फुलांचा पाऊस. फुलें टिकतात अवघे दोन-तीन दिवस. पुढें कांहीं आठवड्यांनीं दुसरी सर यावी लागते, तेव्हां फळ धरतें. पहिली सर तुटपुंजी आली तर कळ्या अर्धवट उमलून वाळतात. ऐन फुलोऱ्यांत पाऊस कोसळला तर पराग वाहून जातो. वर्षाचें उत्पन्न असें दोन सरींवर टांगलेलें!

या सरींचाच आतां भरंवसा उरला नाहीं. ज्याच्या मळ्यांत तळें व पंप आहे, तो तुषार उडवून रोबस्टाचा बहर साधतो. पण आपल्याकडील कॉफी करणारांपैकीं बहुतेक सारे पंचवीस एकरांच्या आंतले लहान मळेवाले आहेत. त्यांतील पुष्कळांना आभाळाकडे पाहण्यावांचून गत्यंतर नसतें.

अरेबिकाची प्रकृति मुळांतच नाजूक. तिला थंड हवा मानवते. ऊन वाढून सावली विरळ झाली, कीं खोडांत पांढरा किडा शिरतो व झाडच उपटून जाळावें लागतें. म्हणून कित्येकांनीं अरेबिका सोडून काटक रोबस्टा धरली. उलट पाऊस अति झाला, तर पानें-फळें कुजविणारा ‘कोळेरोग’ पडतो. २०१८ च्या ऑगस्टांत कुर्गांत डोंगरच्या डोंगर खचले, तेव्हां तर मळ्यासकट जमीनच गेली. तेथें रोगाची गोष्ट कोण करणार?

बहर साधला, फळ पिकलें, तरी संकट सरत नाहीं. तोडणी होते ती हिवाळ्यांत, आणि फळें खळ्यावर उन्हांत वाळवितात. त्याच वेळीं अवकाळी पाऊस आला तर ढिगांत बुरशी येते. कांहीं बुरशा ऑक्रॅटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करितात. तें मूत्रपिंडांस अपायकारक असून भाजल्यानेंहि पुरतें जात नाहीं. युरोपांत त्याच्या प्रमाणास कायद्यानें मर्यादा घातली आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ मळेवाल्याच्या खिशाचा नव्हे, आपल्या पेल्याचाहि आहे. गृहिणींनीं कुबट वासाचे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊं नयेत.

आपल्याकडील कॉफी फणस, शिसवी अशा झाडांच्या सावलींत वाढत आली, वर मिऱ्यांचे वेल चढलेले. अधिक पिकाच्या लोभानें ही सावली तोडणें आम्हांस आत्मघातकीपणाचें वाटतें. कारण जमिनीचा ओलावा व मळ्याचा गारवा तीच राखते. पण ज्याचा एक बहर गळाला आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि शिसवीच्या लांकडाला गिऱ्हाईक दारांत उभें आहे, त्याला हें कोणत्या तोंडानें सांगावें? भाव चढले हें खरें. परंतु फुलेंच गळालीं त्याच्यापाशीं विकावयास दाणे कोठून येणार?