व्हायरल व्हिडिओ खरंच 'कालचा' आहे का? एफएफप्रोब कसं इन्स्टॉल करायचं, त्यात काय बघायचं?

'कालचाच व्हिडिओ आहे, सगळ्यांना पाठवा.' असा मेसेज आला की बहुतेक जण आधी फॉरवर्ड करतात, शंका नंतर येते. पण व्हिडिओच्या फाइलमध्ये चित्र-आवाजाशिवाय बरीच माहिती दडलेली असते. ती वाचणारं फुकट टूल म्हणजे एफएफप्रोब.

ते एफएफएमपेगसोबतच येतं. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला हा ओपन सोर्स प्रोजेक्ट. इथे बटणं नाहीत, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करायची.

गाडी अडते ती डिपेंडन्सीवर. फाइल उघडायला लिबएव्हीफॉरमॅट, डीकोड करायला लिबएव्हीकोडेक, शिवाय बाहेरच्या कितीतरी लायब्ररी लागतात. अधिकृत साइट स्वतः फक्त सोर्स कोड देते. तो घरी कंपाइल करण्याचा हट्ट नको. पॅकेज मॅनेजर लागेल ते सगळं स्वतःच आणतो: उबुंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', मॅकवर होमब्र्यू असेल तर 'ब्र्यू इन्स्टॉल', विंडोजवर 'विंगेट इन्स्टॉल', आणि पुढे एफएफएमपेग, इंग्रजीत लहान अक्षरांत. विंडोजवर झिप उतरवली असेल, तर तिच्यातला 'बिन' फोल्डर पाथमध्ये टाकावा लागतो. 'कमांड सापडली नाही' असं दिसलं तर बहुतेक वेळा हेच राहिलेलं असतं. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायलाही विसरू नका.

आता एफएफप्रोब लिहा, स्पेस द्या आणि फाइल टर्मिनलवर ओढून सोडा. व्हिडिओची लांबी, कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट समोर येईल. खरी गंमत 'क्रिएशन टाइम'मध्ये आहे. ही वेळ साधारणपणे यूटीसीमध्ये असते, म्हणजे भारतासाठी साडेपाच तास मिळवायचे. तिथे रात्रीचे ८ दिसले तर आपल्याकडे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो, तारीखही बदललेली. इथेच भलेभले फसतात. 'एन्कोडर'समोर 'लॅव्हएफ' दिसलं, तर फाइल एफएफएमपेगच्या लायब्ररीतून गेलेली आहे, थेट मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आलेली नाही.

पण व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस करतं, त्यात मूळ माहिती सहसा पुसली जाते. शिवाय हीच तारीख एफएफएमपेगनेच बदलताही येते. त्यामुळे तारीख दिसली म्हणून लगेच विश्वास नको, आणि नाही दिसली म्हणून व्हिडिओ खोटाही ठरत नाही. पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागा, तीही 'डॉक्युमेंट' म्हणून.