डॉक्सिसायक्लिन : जीवाणूंच्या प्रथिननिर्मितीवर बसणारा अडसर
पेनिसिलिन जीवाणूंचे पेशीआवरण कमकुवत करून त्यांना मारते. डॉक्सिसायक्लिनचा मार्ग मात्र निराळा आहे. प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाचे सूक्ष्म घटक जनुकांतील सूचनेबरहुकूम अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून प्रथिने तयार करतात. हे औषध जीवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटते, त्यामुळे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या रेणूला तेथे जागा मिळत नाही, प्रथिनांची साखळी खुंटते आणि जीवाणूंची वाढ थांबते. ते सहसा लगेच मरत नाहीत, त्यांचा निकाल शरीराची प्रतिकारयंत्रणा लावते. मानवी रायबोसोमची घडण वेगळी असल्यामुळे त्यावर या औषधाची पकड फारशी बसत नाही.

टेट्रासायक्लिन कुळातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, बेंजामिन डग्गर यांनी अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळवून १९४८ मध्ये जाहीर केले. तेथील संशोधनाची धुरा तेव्हा यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती, हे आवर्जून सांगायला हवे. डॉक्सिसायक्लिन हे त्याच कुळातील पुढचे, सुधारलेले औषध १९६७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

मेदात सहज विरघळत असल्याने ते पेशींच्या आतही पोचते, आणि त्याचे खरे मोल येथेच आहे. गवताझुडपांतील चिगर माइट या सूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या अळीच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसचे जीवाणू मानवी पेशींतच दडून वाढतात, म्हणून त्यांच्यापुढे पेनिसिलिन निरुपयोगी ठरते. विदर्भात २०१८ मध्ये या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, पण ती नेहमीच असते असे नाही. तापही इतर तापांसारखाच असल्याने निदान लांबते, म्हणून दाट संशय येताच, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, डॉक्टर हे औषध सुरू करतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवरही ते दिले जाते. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने ते प्रतिबंधासाठीही देतात. मुरूम, क्लॅमिडिया आणि कॉलरा यांतही त्याचा उपयोग होतो. विषाणूंना स्वतःचे रायबोसोम नसतात, त्यामुळे सर्दी किंवा डेंग्यूत ते काहीच करू शकत नाही.

लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्तावरच्या गोळ्यांशी बांधले गेल्यास ते रक्तात नीट शोषले जात नाही, म्हणून या गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकल्यास तेथे व्रण पडू शकतो, म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. उन्हात त्वचा चटकन भाजते. गर्भवती स्त्रिया व आठ वर्षांखालील मुले यांना ते द्यावे की नाही, याचा निर्णय आजाराची तीव्रता पाहून डॉक्टरच घेतात.