सोहारच्या दवाखान्यातल्या नोंदी

ओमानच्या उत्तर किनाऱ्यावरचं सोहार म्हणजे सिंदबादचं गाव, असं तिथे सांगतात. गावामागच्या डोंगरात तांबं आहे. 1982 ते 1994 या काळात लासैलच्या तांब्याच्या कारखान्यातला सुमारे 1 कोटी 10 लाख टन गंधकयुक्त गाळ एका बांधाआड साठवला गेला. तळाला अस्तर नव्हतं आणि प्रक्रियेसाठी समुद्राचं पाणी वापरलं जात होतं. ते झिरपत जाऊन वादी सूक या खोऱ्यातलं भूजल खारावलं.

विहिरीचा खारेपणा मोजता येतो. माणसाच्या शरीरात काय झिरपलं, ते कसं मोजायचं? आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा?

याच सोहारच्या बंदरालगत पुढे तेलशुद्धीकरण, पेट्रोरसायनं आणि धातूंचे कारखाने उभे राहिले. आदिल अल्-वहैबी आणि आरियाना झेका या संशोधकांनी 2006 ते 2010 मधल्या तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. उद्योगांपासून 10 किलोमीटरच्या आतले रहिवासी आणि 20 किलोमीटरपलीकडचे, अशी तुलना केली. जवळच्यांमध्ये श्वसनविकार 2.5 पट, तर दमा 3.7 पट आढळला. पन्नाशीपुढच्यांमध्ये दम्याबाबतचा हा फरक अधिक होता. 2015 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

नोंदी आधीच होत्या, म्हणून हे काम थोडक्या खर्चात होण्यासारखं होतं. पण अंतर म्हणजे विषाची मात्रा नव्हे. कुणाच्या श्वासात नेमकं काय आणि किती गेलं, हे नोंदवही सांगत नाही. शिवाय दमा थोड्या वर्षांत दिसू शकतो. कर्करोगाला अनेकदा वीस-वीस वर्षं लागतात. तितकी वर्षं त्याच माणसांच्या मागावर राहायचं, तर दरसाल पैसा लागतो.

अमेरिकेत लव्ह कॅनॉल या वस्तीतल्या घातक कचऱ्याचं प्रकरण गाजल्यावर 1980 मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. तेल आणि रसायन कंपन्यांवर कर बसला, कचरास्थळांशेजारच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्थाही याच कायद्यातून आली. कराची मुदत 1995 मध्ये संपली आणि तो पुन्हा लागू व्हायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. भोपाळमध्ये वायुगळतीनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुमारे 80 हजार वायुग्रस्तांचा पाठपुरावा 1985 मध्ये सुरू केला, पण 1994 मध्ये तो थांबवला.

सोहारच्या तपासलेल्या नोंदी 2010 पाशी थांबतात. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल 2030 मध्ये तिशीचं होईल.