रेंज पत्र्याखाली तपासायची

अंबरनाथ एमआयडीसीतला कामगार नवा फोन घ्यायला स्टेशनाजवळच्या किंवा उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानात जातो, तेव्हा त्याला कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, चार्जिंग किती मिनिटांत, हे सगळं ऐकायला मिळतं. टॉवरशी धागा टिकवून धरणं हे फोनचं मूळ काम, पण त्याबद्दल काउंटरवर कुणी बोलत नाही. आनंदनगर, मोरिवली किंवा बदलापूरच्या पट्ट्यात काम करणाऱ्याने मात्र नेमकं तेच आधी विचारायला हवं. त्याचे दिवसाचे आठ ते बारा तास पत्र्याच्या शेडमध्ये जातात. पीएफचं पासबुक, बँकेचे व्यवहार, आजारी आईची खबर, शाळेतून येणारा निरोप, सगळं आता त्या एकाच यंत्रावर येतं. तिथे रेंज नसेल तर बाकीचे गुण असून नसल्यासारखेच.

रेंज ही फक्त सिमकार्डाच्या कंपनीवर ठरत नाही, हातातल्या फोनवरही ठरते. प्रत्येक कंपनी ठरावीक वारंवारतांवर, म्हणजे बँडवर, सेवा देते आणि तो बँड फोनमध्ये नसेल तर टॉवर शेजारी असूनही उपयोग नाही. जिओचं 4जी 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झवर चालतं. 5जीसाठी तिने 2022च्या लिलावात 700 आणि 3300 मेगाहर्ट्झचे पट्टे घेतले. 700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब, तर साडेतीन हजारांच्या आसपासची जेमतेम साडेआठ. लांब लहर दूर जाते, इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालते, विटांच्या भिंतीतून बरी आत शिरते. आखूड लहर वेग देते, पण लवकर थकते. म्हणून 5जी फोन घेताना एन 78 या 3300च्या बँडबरोबर एन 28 हा 700चा बँडही आहे का, हे पाहावं. बीएसएनएलचं सिम असेल तर 4जीसाठी बँड 28 आणि बँड 1 लागतात. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेल्या महागड्या फोनमध्ये इथले सगळे बँड असतीलच असं नाही, हेही लक्षात ठेवावं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. पत्रा धातूचा आहे आणि धातू कुठलीच रेडिओलहर आत सोडत नाही. मग बँड मोजून काय साधणार? शेडमध्ये जे काही पोहोचतं ते दारातून, खिडक्यांतून आणि छतावरच्या प्लास्टिकच्या उजेडपट्टीतून. मशीन आतल्या कोपऱ्यात असेल तर उत्तम बँडचा फोनही गप्प होतो. अशा जागेवरचा उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग. एअरटेलने ते डिसेंबर 2019मध्ये आणि जिओने जानेवारी 2020मध्ये सुरू केलं. फोन टॉवरऐवजी जवळच्या वाय-फायवरून बोलतो. नंबर तोच राहतो, वेगळं ॲप लागत नाही. मात्र ही सोय त्या मॉडेलमध्ये आणि तुमच्या कंपनीच्या सिमवर चालते का, ते विकत घेण्याआधी तपासावं लागतं. वाय-फाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा फोन घ्यावा, पण शेडमध्ये 2.4 जास्त लांब पोचतं. मालक म्हणतील, कामगारांना वाय-फाय दिलं तर दिवसभर रील चालतील. ही भीती खोटी नाही. पण बोलण्याला डेटा अगदी थोडा लागतो आणि राउटरवर कमी वेगाचं वेगळं नेटवर्क बांधून देता येतं. आठ तास घरच्यांपासून तुटलेल्या माणसासाठी एवढं करणं मला तरी अवास्तव वाटत नाही.

दुसरा प्रश्न 5जीचा. ऑक्टोबर 2022पासून ते देशात आलं, म्हणून ते घेतलंच पाहिजे का? पुढची चार-पाच वर्षं वापरायचा फोन असेल आणि बजेट ओढून-ताणून बसवावं लागत नसेल, तर घ्यावा. पण बजेट तोकडं असेल तर बँड कमी असलेल्या स्वस्त 5जीपेक्षा सगळे बँड, व्होल्टे (म्हणजे 4जीवरूनच बोलण्याची सोय) आणि वाय-फाय कॉलिंग असलेला 4जी फोन जास्त उपयोगी पडेल. जुलै 2023मध्ये 999 रुपयांना आलेला जिओभारत बोलण्याला आणि यूपीआयला पुरतो. मात्र त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

दुकानदाराला बँड माहीत नसतील, हे खरं. उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकला की यादी मिळते. त्याहून खात्रीची परीक्षा शेडमध्येच होते. पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. सोबत्याच्या त्याच मॉडेलवर सेटिंगमधल्या सिम स्टेटसमध्ये सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएमचा आकडा पाहावा: 4जीवर उणे 85च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 110च्या पलीकडे गेला की कॉल तुटायला लागतात. जुना फोन घेत असाल तर स्टार-हॅश-06-हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, घ्यावा आणि केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक 14422वर पाठवावा. हँडसेट काळ्या यादीत असेल तर पैसे देण्याआधी कळतं.

सॉल्व्हंट हाताळणाऱ्या रासायनिक विभागांची गोष्ट वेगळी आहे. ज्वलनशील वाफा असतात तिथे साधा फोन नेणंच धोक्याचं, म्हणून तो गेटवर ठेवावा लागतो आणि तसाच ठेवावा. अशा जागी काम करणाऱ्याच्या घरी कंपनीच्या गेटवरच्या लँडलाइनचा नंबर भिंतीवर लिहिलेला असायला हवा, आणि तो फोन उचलणाऱ्याला शेडमधल्या माणसापर्यंत निरोप पोचवायची मुभा असायला हवी.