घडीचा चाकू आणि आपलें बोट

बोरू गेला आणि त्याच्या सोबतीचा चाकूही आपल्या घरांतून निघून गेला. इंग्रजींतील 'पेननाइफ' हें नांव तरी पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलें. पुढें पेन्सिलीच्या निमित्तानें तो कांहीं काळ दप्तरांत टिकून राहिला. शार्पनर आल्यावर तोही आश्रय तुटला. आतां घडीचा चाकू म्हटला कीं आपल्याला सिनेमांतला रामपुरी तेवढा आठवतो!

गेल्या दिवाळींत आमच्या घरांतील एका मुलानें, किल्ल्यांवर नेण्यास चाकू हवा, अशी मागणी केली, आणि घरांत दोन पक्ष पडले. आजीचें म्हणणें, बोट कापेल. काकांचें म्हणणें, कापूं द्या, त्याशिवाय शिकणार कसा? गंमत अशी कीं, निरनिराळ्या देशांतील कारागिरांनीं ह्याच वादाचीं निरनिराळीं उत्तरें देऊन ठेविलीं आहेत. उघडलेलें पातें बोटावर मिटूं नये म्हणून काय करावें, ह्या एका प्रश्नावरून चाकूंच्या जाती ओळखतां येतात.

शेफील्डच्या जुन्या खिशांतल्या चाकूंत पात्याच्या बुडावर पाठीच्या कमानीचा दाब असतो. उघडतांना आणि मिटतांना जो 'खट्ट' आवाज होतो तो ह्या कमानीचा. पण कमान पातें नुसतें दाबून धरते; अडवून ठेवीत नाहीं. हा भेद मीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. चपलेच्या पट्ट्याला टोकानें भोंक पाडूं गेलों, जोर उलट बाजूनें लागला, आणि पातें थेट तर्जनीवर मिटलें. ती खूण अद्याप आहे.

फ्रान्समधील लायोल गांवचा चाकू ह्याच कुळांतला, पण अंमळ पुढें गेलेला. साधारणतः १८२९ च्या सुमारास ह्याची घडण सुरू झाली. त्याच्या कमानीला लहानसा उंचवटा असून तो पात्याच्या खांचेंत बसतो. त्यामुळें पकड घट्ट होते, तरी तें कुलूप नव्हे. गुराख्यांसाठीं पुढें त्यांत टोंच्या आला, आणि १८८० च्या सुमारास बूच काढण्याचा स्क्रू. कारण, त्या भागांतील तरुण पॅरिसला जाऊन उपाहारगृहांत चाकरी करूं लागले होते. गांव सोडलेल्या माणसांची हकीकत अशी चाकूच्या अंगावर उमटते. कमानीच्या माथ्यावरील माशी मात्र निव्वळ शोभेची.

स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर ह्यांनीं १८९१ सालीं सैन्याला चाकू पुरविण्यास आरंभ केला, व १८९७ सालीं अधिकाऱ्यांसाठीं हलका चाकू काढला. एकाच कमानीवर दोन्ही बाजूंचीं हत्यारें तोलण्याची त्यांची युक्ति खरोखर अजब आहे. परंतु बोटाचा प्रश्न तेथें तसाच राहिला.

जपानमधील मिकी गांवच्या 'हिगोनोकामी'ला तर कमानच नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला हा चाकू म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पातें. पात्याच्या बुडाला शेपटीसारखा खटका असतो; तो अंगठ्यानें दाबून धरावयाचा. म्हणजे कुलूप माणसाच्या हातांतच! जपानी शाळकरी मुलें पिढ्यान् पिढ्या ह्यानें पेन्सिली तासीत. १९६० च्या ऑक्टोबरांत समाजवादी पक्षाचे पुढारी असानुमा ह्यांचा, टोकियोंत भर सभेंत, एका १७ वर्षांच्या मुलानें खून केला. हत्यार होतें आंखूड तलवारीचें. पण त्यानंतर मुलांच्या हातीं चाकू नको अशी चळवळ देशभर पसरली, आणि दप्तरांतून गेला तो हा गरीब चाकू. पूर्वीं ह्या मालाचे अनेक कारखाने होते. आज परंपरागत घराणें एकच उरलें आहे.

सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलुखांतील जोसेफ ओपिनेल ह्यांनीं १८९० सालीं केलेला चाकूही असाच साधा : बीच झाडाच्या लांकडाची मूठ, पातें, खिळा आणि कडें. १८९७ पर्यंत त्याचीं १ ते १२ अशीं मापें ठरलीं. त्याला कमान नाहीं. पण १९५५ सालीं कड्यावर दुसरें फिरतें कडें बसविण्यांत आलें. पातें उघडावें, कडें वळवावें, कीं पातें मिटत नाहीं. दोष एवढाच कीं, पावसाळ्यांत लांकूड फुगून पातें मुठींतच अडकतें. अशा वेळीं मुठीचें टोक टेबलावर ठोकलें कीं तें थोडें वर येतें, ही तिकडच्या शेतकऱ्यांची युक्ति आम्हीं कोंकणच्या हवेंत करून पाहिली, चालते.

सौंदर्यांत लायोल, सोयींत स्विस. पण शिकाऊ हाताला मीं ओपिनेलच देईन. आम्हीं आठ नंबरचा घेतला. पातें साडेआठ सेंटिमीटरचें. पहिल्याच आठवड्यांत मुलाचें बोट कापलें. मात्र तें पातें मिटून नव्हे, पेरू हातांत धरून कापतांना. आजी काकांकडे नुसत्या पाहत राहिल्या.