घसरत्या मोटारीस आवर

पावसाळ्यांत राणीसावरगांवाहून गंगाखेडकडे जातांना वावरांतून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर आणून टाकतात. वर एक सर आली कीं ती माती साबणासारखी होते. अशा वळणावर समोर बैल दिसतो, चालक स्टिअरिंग झटकन् फिरवितो. मोटार मात्र सरळच जाते, किंवा तिची पाठ फिरते. या प्रसंगीं कामास येणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, थोडक्यांत ई. एस. सी., ही योजना हल्लीं पुष्कळ नव्या मोटारींत असते. परंतु ती काय करते हें घेणारास क्वचितच कोणी समजावून सांगतो.

ट्रॅक्टर हांकणारास तिचें तत्त्व कठीण वाटूं नये. ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात. तासाच्या शेवटीं धुऱ्यापाशीं आपण डावा ब्रेक दाबतों, डावें चाक आवरतें व ट्रॅक्टर डावीकडे वळतो. (रस्त्यावर येतांच दोन्ही पेडल एकत्र अडकविणें अवश्य आहे, पुष्कळजण विसरतात.) ई. एस. सी. हेंच काम चारांपैकीं हव्या त्या चाकावर आपण होऊन करते. स्टिअरिंग किती फिरविलें आणि मोटार प्रत्यक्षांत किती वळली, हें ती सेकंदांत अनेक वेळां ताडून पाहते. पुढील चाकें घसरून मोटार सरळ जाऊं लागली, तर मुख्यतः वळणाच्या आंतल्या बाजूचें मागील चाक रोखलें जातें. पाठ बाहेर फेकली जाऊं लागली, तर बाहेरच्या बाजूचें पुढील चाक. जोडीला इंजिनाचा जोरही कमी होतो.

१९९५ सालीं बॉश कंपनीची ही योजना मर्सिडीझ-बेंझच्या एका भारी मोटारींत प्रथम आली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्यें सुरू झालेल्या भारत एनकॅप परीक्षेंत तीन वा अधिक तारे मिळण्यास ती असावी लागते. मोटार घेतांना आपण घेतों त्याच प्रतींत ती आहे काय, हें स्पष्ट विचारावें. ए. बी. एस. म्हणजे ई. एस. सी. नव्हे, ती केवळ ब्रेक दाबला असतां चाकें जाम होऊं देत नाहीं.

घसरत्या मोटारीचें चित्र असलेला दिवा लुकलुकला, तर योजना काम करीत आहे असें समजून वेग उतरवावा. तो सतत तेवत राहिला, तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. वावराच्या वाटेवर चिखलांत रुतलेली मोटार काढतांना इंजिनाचा जोर हवा असतो, तेव्हां ती बटणानें बंद करावी व डांबरीवर येतांच पुन्हां सुरू करावी.

टायरांची पकड मात्र तिला वाढवितां येत नाहीं. झिजलेले टायर आणि भरधाव वेग यांपुढें तिचा इलाज चालत नाहीं. ज्यास नवी मोटार घेणें शक्य नाहीं, त्यानें निदान चार चांगले टायर घालावेत, असें आम्ही म्हणूं.

आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आणण्यापूर्वीं चाकांची माती फावड्यानें काढावी. रात्रीं बाळंतिणीस गंगाखेडास नेणाऱ्या जुन्या जीपमध्यें ई. एस. सी. नसते.